दाराची कडी

आमचे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. उमऱ्यासाठी जपलेली त्यांची पुंजी बँकेत होती. २०२४ च्या पावसाळ्यात एका दुपारी त्यांना फोन आला. त्यांच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असे सांगण्यात आले. मग मोबाईलवर खाकी वर्दीतला माणूस दिसू लागला. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. समोरून हलू नका. घरात कुणाला सांगू नका. तपासासाठी पैसे पाठवा, परत मिळतील.’

अब्बांनी आतून कडी लावली. असरची अजान झाली तरी ते मशिदीत निघाले नाहीत, तेव्हा अम्मीने दार ठोठावले. तोवर ६०,००० रुपये गेले होते.

‘आपलं नाव ऐकल्यावर आपल्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?’ अब्बा एवढेच म्हणाले. आम्ही गप्प झालो. ही धास्ती आमच्या घरात मोबाईलच्या आधीपासून होती. चोराने तिलाच हात घातला.

आम्ही लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचे काही नाहीच, हे आम्हाला त्या रात्री कळले.

पैसे अजून आलेले नाहीत. पण अब्बा आता जुम्म्यानंतर मोहल्ल्यात स्वतःच ही हकिकत सांगतात. शेवटी म्हणतात, ‘कुणाला सांगू नका, असं जो म्हणेल तोच चोर समजा. आधी दाराची कडी काढा.’