मांडीवरच्या खळ्या

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात चित्रकार रुबेन्सचं ‘थ्री ग्रेसेस’ हे चित्र आहे, 1630 ते 1635च्या सुमाराचं. तिघीजणी एकमेकींच्या दंडा-खांद्यांवर हात ठेवून उभ्या आहेत. पुस्तकात छापलेली त्याची प्रत पाहतानाही माझी नजर त्यांच्या चेहऱ्यांवरून पाठीवर, मांड्यांवर उतरते आणि रेंगाळते. तिथली कातडी कुठं उमलून वर आली आहे, कुठं हलकेच दबली आहे. उंचवट्यांवर मोतिया उजेड, खळग्यांत करडी सावली. हे चित्र रुबेन्सनं 1640 साली मरेपर्यंत स्वतःजवळच ठेवलं होतं.

याच सावल्यांना आज सेल्युलाइट म्हणतात आणि त्या घालवण्यासाठी क्रीम विकतात. फ्रान्समधल्या सौंदर्यमासिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना दोष ठरवलं. 1968मध्ये ‘व्होग’ मासिकानं ती धास्ती अमेरिकेत पोचवली. कातडी होती तशीच होती, लाज तेवढी नवी आली.

कातडीखाली चरबीचे बारीक पुंजके असतात. त्यांच्यामधून कोलॅजेनचे चिवट धागे खाली स्नायूंवरच्या आवरणापर्यंत गेलेले असतात. पिंजारी गादीला टाके घालतो तेव्हा टाक्यापाशी कापड आत ओढलं जातं आणि मधला कापूस फुगून वर येतो. इथंही तसंच घडतं. बायकांमध्ये हे धागे बरेचसे उभे असतात, म्हणून चरबीला वर यायला वाट मिळते. पुरुषांत ते तिरके, एकमेकांना छेदत गेलेले असतात आणि वरची कातडीही जाड असते. म्हणून वयात आलेल्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद बायकांच्या अंगावर या खळ्या दिसतात, सडपातळ बायकांच्याही. हा आजार नाही. वयानुसार कातडी पातळ आणि सैल होते, तशा त्या ठळक होतात, इतकंच. आणि मांडीवरची ही चरबी निरुपयोगी नसते. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा आईच्या दुधासाठी शरीर तिच्यातूनही घेतं.

तरणतलावावरच्या लेडीज बॅचला सकाळचं तिरपं ऊन असतं. तिरप्या उजेडात प्रत्येक खळगा दिसतो. आजी झालेल्या बायका निवांत पायऱ्या उतरतात. सतरा-अठराची मुलगी मात्र पाण्याच्या कडेपर्यंत टॉवेल सोडत नाही. तिच्या मांड्या आणि त्या आजींच्या मांड्या एकाच विणीच्या आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मुलगी वयात येताना आपण तिला जवळ बसवून पाळीविषयी सांगतो. त्याच वेळी हेही सांगायला हवं: तुझ्या मांड्यांवर खळ्या पडतील, माझ्याही आहेत, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हे आईच्या तोंडून आधी ऐकलेली मुलगी जाहिरातीला सहज घाबरणार नाही.