घसारा आणि घासाघीस

आमच्या घराण्यात भाव करण्याची विद्या आजोबांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. आजोबा बैलबाजारात जात. तिथला सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटे दाबून आकडे सांगत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी व्यवहार कितीवर आला याचा कोणाला पत्ता लागत नसे. त्या वेळी आजोबांचा चेहरा हरिपाठ म्हणत असल्यासारखा निर्विकार असे, असे वडील सांगत. वडिलांच्या वाट्याला या विद्येतला फक्त निर्विकार चेहरा आला. दुकानदार सांगेल ती किंमत ते निर्विकारपणे देत आणि घरी येऊन आईचे बोलणेही निर्विकारपणे ऐकत. माझ्या वाट्याला चेहराही आला नाही. मला एखादी वस्तू आवडली की ते माझ्या आधी दुकानदाराला कळते. नागपुरात जन्मून संत्र्याला मुंबईचा भाव देणारा मी एकमेव माणूस आहे, असे आमच्या सौ.चे मत आहे.

त्यातून माझी नोकरी बँकेत. आमच्या काउंटरवर भाव करता येत नाही. "पाव टक्का जास्त लावा ना जी, नेहमीचे गिऱ्हाईक आहो," असे म्हणणारे एखादे आजोबा मुदत ठेवीची पावती घेऊन येतात. मी त्यांना भिंतीवरचा व्याजदराचा फलक बोटाने दाखवतो. बावीस वर्षे फलक दाखवून दाखवून माझे बोट दुसऱ्या कोणत्याही सौद्याच्या कामाचे राहिलेले नाही.

अशा माणसावर २०२५च्या डिसेंबरात जुना गेमिंग कॉम्प्युटर विकत घेण्याची पाळी आली.

चिरंजीवांना गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. घरात एक कॉम्प्युटर आहे, त्यावर गेम खेळता येत नाही का, असे मी विचारले. त्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. 'बैलगाडी आहे ना, मग विमान कशाला?' असे विचारणाऱ्याकडे माणूस ज्या नजरेने पाहील, ती ती नजर होती. नवा घ्यायचा तर लाखाच्या घरात. मग सेकंडहँड. कोणीतरी चार वर्षे वापरलेला, मोबाइलवर जाहिरात टाकलेला, मानेवाड्याच्या पलीकडचा.

"पण त्यात मायनिंग केलेलं कार्ड नको," चिरंजीव म्हणाले.

मायनिंग म्हटल्यावर वणी, चंद्रपूर आणि कोळसा एवढेच आठवणारा मी माणूस. चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. चित्रे भराभर दाखवायला या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक जाडजूड ऐवज असतो आणि निम्मी किंमत त्याचीच असते. २०२१च्या सुमारास लोक अशी डझनावारी कार्डे रात्रंदिवस जुंपून त्यांच्याकडून आभासी नाणी काढून घेत. त्यामुळे कार्डांचा तुटवडा पडला आणि भाव आभाळाला भिडले. पुढे १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम नावाच्या मोठ्या नाण्याने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती सगळी थकलेली कार्डे अंग पुसून जुन्या बाजारात येऊन बसली. थोडक्यात, टॅक्सी म्हणून चार वर्षे धावलेली गाडी 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणून विकतात, तसा हा प्रकार. हे मला लगेच पटले. जुन्या मालाला नवे नाव देणे मला परके नाही. २०२४च्या वेतनकरारात आम्हा क्लार्क मंडळींचेही नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झाले. माल तोच आहे.

विकणाऱ्याची मागणी होती ४८,००० रुपये. बातमी फुटताच सल्ले आले. शाखेतले एक सहकारी म्हणाले, "अर्ध्यापासून सुरू कर बे. आणि तोंड वाकडं ठेव." सौ.ने आपली पद्धत सांगितली. ती सीताबर्डीवर भाव सांगते आणि पाठ फिरवते. तिसऱ्या पावलाला दुकानदार हाक मारतो. मारली नाही तर चौथे पाऊल बाजूच्या दुकानात पडते. "तुम्ही फक्त पाठ फिरवा," ती म्हणाली. "बोलू नका."

मी मात्र कॉमर्सचा पदवीधर. मी कागद घेतला. आयकराच्या नियमात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. २०१७पर्यंत तर ६० टक्के धरत. घरच्या वस्तूला हा नियम लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण विकणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मूळ किंमत जाहिरातीतच होती, १,००,०००. पहिल्या वर्षानंतर ६०,०००, मग ३६,०००, मग २१,६०० आणि चौथ्या वर्षाअखेर १२,९६०. मी तो आकडा दोनदा तपासला, खाली दुहेरी रेघ मारली आणि कागद खिशात घातला. आजोबांनंतर प्रथमच घराण्यात कोणीतरी तयारीने बाजाराला निघाले होते.

रविवारी सकाळी आम्ही ऑटोने गेलो. अधिवेशनाचे दिवस. सरकार मुंबईहून नागपुरात आले की नागपूरकराला नागपुरात हिंडता येत नाही. त्यामुळे तासभर आधी निघालो आणि अर्थातच रस्ता मोकळा मिळून तासभर आधी पोचलो. घरच्यांचे चहा-नाश्त्याचे चालले होते.

इथेच पहिला घात झाला.

"या ना जी, बसा," म्हणत मुलाच्या वडिलांनी खुर्ची दिली. मुलाच्या आईने तर्री-पोहे समोर ठेवले. नको म्हणालो तर, "घ्या ना, पाहुण्यासारखं काय करून राहिले?" दुकानात गिऱ्हाईक दुकानदाराला शत्रू समजून आत शिरते, म्हणून भाव करता येतो. ज्या घरचे पोहे खाल्ले, वर तर्री दुसऱ्यांदा मागून घेतली, त्या घराकडे पाठ कशी फिरवायची? आणि फिरवली तरी चौथे पाऊल टाकायला बाजूचे दुकान कुठे होते? बाजूला त्यांचे देवघर होते.

मग आतल्या खोलीत यंत्रदर्शन झाले. एका अंगाला काच, आत निळे-जांभळे दिवे आणि गरगर फिरणारे पंखे. गणेशोत्सवातल्या देखाव्यात आणि त्यात फरक एवढाच की आत मूर्ती नव्हती. मुलगा बावीस-तेवीसचा, शांत बोलणारा. २०२१च्या नोव्हेंबरात एकेक भाग आणून त्याने स्वतः जुळवलेले. मायनिंगचा प्रश्न मी विचारलाच. त्याने बिल दाखवले, सगळे भाग एकाच घराच्या पत्त्यावरचे, कार्ड एकच. "मायनिंग नाही काका. अभ्यास आणि गेम. आईला विचारा, अभ्यास किती ते."

चिरंजीव म्हणाले, आता स्ट्रेस टेस्ट. म्हणजे यंत्राला मुद्दाम ताण द्यायचा आणि ते किती तापते ते पाहायचे. ही परीक्षा आमच्या शाखेत दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी होते, फक्त तिला नाव आहे हे ठाऊक नव्हते. आकडा चढत ७२ अंशांवर थांबला. पंचेचाळीस अंशांत लग्नांच्या पंगती उठवलेला मी नागपूरकर, पण ७२ ऐकून मागे सरलो. "नॉर्मल आहे काका," दोघेही मुले एका सुरात म्हणाली. त्यांचे सूर इतक्या लवकर जुळायला नको होते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मला करण्यासारखे काहीच नव्हते म्हणून मी यंत्राच्या मागे गेलो. जुनी स्कूटर घेताना माणूस मागे जाऊन धूर पाहतो, त्या सवयीने. धूर नव्हता, पण मागच्या स्क्रूंवर आणि पत्र्याच्या कडेला तांबूस छटा दिसली. हा रंग मी ओळखतो. माझ्या घरातल्या कपाटाच्या, पंख्याच्या आणि शिलाई मशीनच्या एका अंगाला तो आहे.

"हे खिडकीजवळ ठेवत होता का?"

"हो काका."

"आणि खिडकीत कूलर?"

खोली शांत झाली. पंखे तेवढे फिरत होते. एप्रिल ते जून वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, ओली हवा माणसाला तारते आणि लोखंडाला मारते, हे नागपुरात शाळेत शिकवावे लागत नाही. "पहिले दोन उन्हाळे," मुलगा म्हणाला. "मग जागा बदलली. मानलं तुम्हाला, काका. आठ लोकं पाहून गेले, कोणाला नाही दिसलं." चिरंजीवांनी माझ्याकडे आदराने पाहिले. मुलगा पाचवीत गेल्यापासून मला ही नजर मिळाली नव्हती.

त्या आदराच्या भरात मी बैठकीत येऊन बसलो, कागद काढला आणि मुलाच्या वडिलांना म्हणालो, "बारा हजार नऊशे साठ."

अशा वेळी समोरचा माणूस रागावतो किंवा हसतो. या गृहस्थांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि म्हणाले, "खरेदी नोव्हेंबरची ना? मग त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर. पहिल्या वर्षी अर्धाच घसारा लागते जी." ते सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेले निघाले. त्यांनी माझ्याच पेनाने माझ्याच कागदावर लिहिले: ८०,०००, ४८,०००, २८,८००, १७,२८०. दुहेरी रेघ. माझी ४,३२० रुपयांची चूक उघडी पडली. मी म्हणालो, कूलरमुळे झालेली झीज वेगळी धरावी लागेल. ते म्हणाले, तसे कलम दाखवा. मी म्हणालो, चालू वर्षाचे आठ महिने? ते म्हणाले, विक्रीच्या वर्षी घसारा नाही. दुसरा चहा आला. कितीतरी वर्षांत माझ्याशी कोणी एवढ्या गोडीने बोलले नव्हते.

तेवढ्यात दोन्ही मुले बाहेर आली.

"एक्केचाळीस," चिरंजीव म्हणाले. "झालं आमचं."

"आमचे १७,२८० वर आले होते," मी म्हणालो.

मुलाने नम्रपणे सांगितले की जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी मेमरीची ओढाताण चालली आहे, त्यामुळे रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत भडकले आहेत. म्हणजे या डब्यातली एक वस्तू अशी होती की जिची किंमत जुनी होऊन वाढली होती. मी आणि निवृत्त लेखापाल एकमेकांकडे पाहत राहिलो. अशा वस्तूला आमच्या दोघांच्याही खात्यात रकाना नव्हता.

"विकतो कशाला पण?" मी विचारले. हा प्रश्न खरे तर आधी विचारायचा असतो.

"पुण्याला नोकरी लागली. एका खोलीत चौघं आहो. हे ठेवायला जागा नाही, आणि डिपॉझिट भरायचं आहे."

"मी देतो म्हटलं डिपॉझिट," वडील कागदाकडे पाहत म्हणाले. "नाही म्हणते."

आई दारात उभी होती. "चार वर्षं ओरडले मी याच्या पंख्याच्या आवाजावर," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

मला माझी सायकल आठवली. नोकरी लागली, पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात. निघायच्या आधी मी सायकल विकली. घेणाऱ्याने शंभर रुपये कमी केले, ते आठवतात. त्याने ती कोपऱ्यावरच्या भिंतीला कशी टेकवली हे पाहायला मी मागे वळलो होतो, तेही आठवते. तो माणूस तिला कुलूप लावायला विसरला होता.

"काका, गंजाचे हजार कमी करतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही बरोबर पकडलं."

"राहू दे," मी म्हणालो. हे मी म्हणालो, हे मला चिरंजीवांचे कोपर बरगडीत बसल्यावर कळले.

पैसे फोनवरून दिले. आजोबांचे सौदे बोटांनी होत. माझाही शेवटी बोटानेच झाला. फक्त मला एकच बोट लागले, आणि उपरणे लागले नाही.

मुलाने यंत्र स्वतः सतरंजीत गुंडाळले. आडवे न्या, उभे नेले तर कार्डाच्या वजनाने आतली खाच तुटेल; जाळी दर महिन्याला साफ कर; कूलरच्या वाऱ्यात ठेवू नको. एवढे सांगून त्याने ते ऑटोत आमच्या मांडीवर ठेवले. त्याच्या वडिलांनी चिरंजीवांच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. "पहिल्यांदा आला आमच्या घरी." माझ्या आयुष्यातली ही एकमेव सूट, आणि तीही माझ्या हातात पडली नाही.

"कितीला?" सौ.ने दारातच विचारले.

"चाळीस हजार पाचशे," मी म्हणालो. हिशेबाने ते खरेच होते.

"पाठ फिरवली होती?"

"फिरवली," मी म्हणालो. तेही खरे होते. निघताना फिरवावीच लागली. मागून हाकही आली; चिरंजीव मफलर विसरले होते.

आता ते यंत्र आमच्या आतल्या खोलीत असते. रात्री त्याच्या पंख्याचा आवाज येतो आणि सौ. ओरडते. पुण्याहून त्या मुलाचा अधूनमधून फोन येतो, "चालून राहिला ना बरोबर?" चिरंजीव जाळी साफ करतात. उन्हाळ्यासाठी जागाही आधीच ठरवली आहे, कूलरपासून सगळ्यात लांब, म्हणजे जिथे मी झोपत असे तिथे. मी फक्त माझ्या वहीत नोंद केली आहे: कॉम्प्युटर, जुना, एक. मूळ किंमत ४०,५००. घसारा ४० टक्के. मात्र खरेदी डिसेंबरातली असल्यामुळे पहिल्या वर्षी अर्धाच धरला आहे. तसा नियम आहे जी.