माजघरातला उजेड

श्रावण सरत आला असता एका दुपारी कपाटाचा वरचा कप्पा उघडला, आणि ओल्या चामड्याचा, डांबरगोळ्यांचा व कोंडून राहिलेल्या पावसाळी हवेचा मिश्र वास अंगावर आला. त्या वासाबरोबरच, कॅमेऱ्याची पिशवी हाती घेण्यापूर्वीच, आत काय घडले असेल ते मला कळून चुकले. भिंग खिडकीच्या उजेडाकडे धरले तो आतल्या काचेवर बुरशीचे शुभ्र तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसले. मुंबईच्या बोरा बाजारातील ज्या वृद्ध दुरुस्तीकाराकडे मी तो कॅमेरा नेला त्याने दोन्ही भिंगे आणि दर्शिकेचा लोलक निरखून शांतपणे सांगितले, की हे सर्व खोलून साफ करण्याचा मोबदला आज या जुन्या कॅमेऱ्याला बाजारात येणाऱ्या किमतीच्या आसपास जाईल. तेव्हा हा देऊन टाकावा, आणि खिशात मावेल असा लहान कॅमेरा बाळगावा. सल्ला व्यवहाराचा होता. असा एक लहान कॅमेरा भाच्याने मला दिलेला घरात होताही. प्रश्न एवढाच उरला होता की दोहोंपैकी कोणाला ठेवावे. परंतु ठाण्याला परतताना गाडीत त्या प्रश्नाचा विचार करू लागलो, आणि मन वाईच्या आमच्या वाड्यात जाऊन उभे राहिले.

१९६२ सालच्या वैशाखात त्या वाड्यात माझ्या थोरल्या भावाची मुंज झाली. समूहचित्र घेण्यासाठी साताऱ्याहून छायाचित्रकार आला होता. त्याने चौकात तीन पायांचा लाकडी स्टँड उभारला, काळ्या कापडाखाली शिरून बराच वेळ पाहिले, वडीलधाऱ्यांना खुर्च्यांवर व मुलांना सतरंजीवर बसविले, आणि सर्व रचना मनासारखी झाल्यावर विचारले, ‘घरची मंडळी सगळी आली ना?’ त्यावर वडीलधाऱ्यांपैकी कोणी एक म्हणाले, ‘आली.’ त्या वेळी माझ्या वडिलांची आत्या, जिला आम्ही लहानथोर सारेच माई म्हणत असू, माजघरात लाल आलवणाचा पदर केशहीन मस्तकावरून पुढे ओढून बुंदीचे लाडू परातीत रचीत होती. सासरी नांदावयास जाण्यापूर्वीच वैधव्य आलेली ती बाई उभे आयुष्य आमच्या घरच्या चुलीपुढे राबली. मला ताप आला की कपाळावर जो खरखरीत हात फिरे तो तिचा असे. तिच्या कानांवर ते ‘आली’ गेले असलेच पाहिजे, कारण माझ्या कानांवर ते गेले होते आणि मी उंबरठ्याच्या जवळच उभा होतो. इतकी वर्षे लोटली, तो उच्चारणारेही गेले, तरी त्या एका शब्दाविषयीचा माझा राग निवळलेला नाही. तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

माझ्यापुढील दोन वस्तूंचा तपशील असा. जुना कॅमेरा निकॉन डी-९०, २००८ सालचा, आरशाचा. बॅटरीवाचून नुसत्या देहाचे वजन ६२० ग्रॅम, त्यावर भिंग चढविले की किलोच्या पुढे. लहान कॅमेरा सोनी आरएक्स-१००, २०१२ सालचा. बॅटरी व कार्डासह २४० ग्रॅम. पहिल्यात सव्वा कोटीच्या आत पिक्सेल, दुसऱ्यात दोन कोटींच्या वर. परंतु या संख्येवरून कॅमेऱ्याची योग्यता ठरविण्याचा जो शिरस्ता दुकानांतून पडला, त्याने ग्राहकांचे लक्ष मुख्य गोष्टीवरून उडाले. मुख्य गोष्ट आहे ती प्रकाश झेलणाऱ्या संवेदकाच्या क्षेत्रफळाची. मोठ्यात ते २३.६ गुणिले १५.८ मिलिमीटर, लहानात १३.२ गुणिले ८.८, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. आणि सर्वसाधारण स्वस्त खिसाकॅमेऱ्यात तर जेमतेम २८ चौरस मिलिमीटर, म्हणजे मोठ्याच्या तेराव्या हिश्श्याइतके. क्षेत्र जितके मोठे तितका प्रकाश अधिक गोळा होतो आणि अंधारातील चित्रात कण कमी दिसतात. तथापि लहान कॅमेऱ्याचे भिंग रुंद दृश्यात एफ १.८ पर्यंत उघडते, आणि मोठ्याबरोबर मिळणारे नेहमीचे भिंग ३.५ पर्यंतच, या फरकामुळे त्यातून जवळजवळ चौपट प्रकाश आत येतो आणि क्षेत्रफळाची तूट तेथे भरून निघते. दूरचे जवळ ओढू गेले की तो लाभ सरतो. आणि मोठ्याला ५० मिलिमीटरचे उघडे भिंग लावले की तो पुन्हा पुढे जातो.

हा हिशेब रूक्ष वाटेल, पण माझ्या दृष्टीने त्यात माईचा प्रश्न सामावलेला आहे. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि मुंजीनंतर दोन-एक वर्षांनी त्यांनी आग्फा क्लिक थ्री घेतला. मध्यमवर्गाच्या हाती कॅमेरा आला तो पुष्कळ घरांत याच रूपाने: १२० ची फिल्म, चौरस चौकटीची बारा चित्रे, खटक्याचा एकच ठरलेला वेग, आणि सूर्य नेहमी आपल्या पाठीशी ठेवावा हा नियम. वडिलांनी त्या समूहचित्रातील उणीव मनाला लावून घेतली असावी, कारण पहिल्याच रिळाच्या वेळी त्यांनी माईला बोलावले. ती म्हणाली, ‘माझा कशाला रे? मुलांचे काढ.’ त्यांनी आग्रह केला तेव्हा तिने अंगणात येण्याचे नाकारले, आणि माजघरात ते काढू शकत नव्हते. त्या काळच्या फिल्मचा प्रकाश टिपण्याचा वेग शंभराच्या आसपास असे, आणि त्या भिंगाला समईचा उजेड पुरणे अशक्य होते. अंगणात तिला रूढी उभी राहू देत नव्हती, आणि ज्या अंधारात ती वावरत होती तेथे कॅमेऱ्याचे काही चालत नव्हते. माझ्या डी-९० चा हा वेग ३२०० पर्यंत जातो, म्हणजे त्या फिल्मच्या बत्तीसपट. लहान कॅमेऱ्याचा त्याहूनही पुढे. ज्या चुलीच्या उजेडात माईचा चेहरा आम्ही रोज पाहत होतो, त्या उजेडात तो टिपणे आज यांपैकी कोणत्याही यंत्राला साधेल.

येथे एक जुनी गोष्ट मध्येच आठवते. पॅरिसमध्ये छायाचित्र घेण्याची दागेरची कृती जाहीर झाली ती १८३९ साली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते व स्वतः छायाचित्रे घेत. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही विद्या शिकविण्याचा वर्गही सुरू झाला. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला, आणि आपल्या माणसांनी तो उत्साहाने हाती घेतला. समुद्र ओलांडण्यास त्याला पंधरा वर्षेही लागली नाहीत. आमच्या ओटीवरून माजघरात जाण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षे अपुरी पडली.

मोठा की लहान, यात बाहेरच्या आकाराचाही भाग आहे, आणि तो मला एका घरात उमगला. वाईजवळच्या एका खेड्यात दूरच्या नात्यातील एक वृद्ध काकू राहतात. त्यांच्याकडे मी प्रथम मोठा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा तो पिशवीतून निघताच त्या भाकरी थापता थापता थांबल्या, ‘बस हं जरा’ म्हणून आत गेल्या, आणि हात धुऊन, केस सारखे करून, ठेवणीतले इरकली नेसून बाहेर आल्या व भिंतीशी ताठ बसल्या. पुढे लहान कॅमेरा नेला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही; भाकरी थापणे, जाळ पुढेमागे सारणे आणि माझ्या मुलाबाळांची चौकशी करणे हे सर्व अखंड चालू राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरील जे मार्दव मोठ्या कॅमेऱ्यापुढे लोपले होते ते या चित्रांत जसेच्या तसे उतरले.

जाणकार मंडळी दुसऱ्या चित्रांना श्रेष्ठ म्हणतील आणि कलेच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण काकूंना मी दोन्ही दाखविली तेव्हा त्यांनी भिंतीवर लावण्यासाठी इरकलीतले चित्र मागितले. मोठ्या कॅमेऱ्याने त्यांना वेळ दिला होता. जगापुढे आपण कोणत्या रूपात राहावे हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी त्या थोड्या मिनिटांत बजावला होता. लहान कॅमेऱ्याने त्यांच्याकडून पुष्कळ घेतले, परंतु विचारले काहीच नव्हते. त्या दिवसापासून लहान कॅमेऱ्याच्या निमूटपणाला सौजन्य म्हणण्यापूर्वी मी थांबतो. आणि इरकली नेसलेल्या काकू भिंतीशी बसलेल्या आठवल्या की त्यामागून नेमका एकच विचार येतो: माईसाठी कोणी मोठा कॅमेरा मांडला असता, तिला ‘तयार होऊन ये’ असे प्रेमाने म्हटले असते, तर ती आत जाऊन काय नेसून आली असती? तिला बदलावयास दुसऱ्या रंगाचे लुगडे नव्हते.

आरशाच्या कॅमेऱ्याचा एक धर्म मला प्रिय आहे. दर्शिकेतून आपण जे पाहतो ते आरशावरून आणि लोलकातून आलेले साक्षात दृश्य असते. खटका दाबताच आरसा वर उचलला जातो, प्रकाश संवेदकाकडे जातो, आणि तेवढ्या निमिषापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. ज्या क्षणाची नोंद होते नेमका तोच क्षण छायाचित्रकाराला दिसत नाही. लहान कॅमेऱ्यात पडद्यावरचे चित्र पाहावयाचे, तेही हात लांब करून, आणि आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तो पडदा पुसट होऊन जातो. काचपट्टीच्या जुन्या कॅमेऱ्यात याहून निराळा प्रकार असे: पट्टी चढविली की काचेवरचे दृश्य झाकले जाई, आणि छायाचित्रकार कापडाबाहेर येऊन, हातात रबरी फुगा धरून, माणसांकडे आपल्या उघड्या डोळ्यांनी पाही. साताऱ्याहून आलेल्या त्या गृहस्थांनीही तसेच पाहिले असेल. त्यांनी नजर जरा उजवीकडे वळविली असती तर माजघराचे दार त्यांच्या समोर होते. परंतु त्यांनी विचारले होते आणि त्यांना उत्तर मिळाले होते, ‘आली’. त्यांना दोष देता येत नाही.

वजनाचा मुद्दा मी अवमानीत नाही. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराला दम्याचा विकार होता, आणि काचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा डोंगरांतून वाहून नेणे त्याला झेपत नसे. म्हणून त्याने वेट्झलार येथील लाइट्झच्या कारखान्यात १९१३ च्या सुमारास चलच्चित्राच्या फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेरा घडविला, चित्रपटाच्या चौकटीची दुप्पट, २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट ठरविली, आणि १९२५ साली तोच लायका या नावाने बाजारात आला. एका रुग्ण माणसाच्या छातीने साऱ्या शतकाच्या दृष्टीचे माप ठरविले, ही गोष्ट मला नेहमी हेलावते. माझाही उजवा खांदा आता किलोभर ओझ्याची तक्रार करू लागला आहे. तेव्हा निर्णय असा केला, की मोबदला देऊन भिंगे साफ करून घ्यावीत आणि मोठा कॅमेरा घरी, स्टँडवर कायम मांडून ठेवावा. घरी येणाऱ्या वृद्ध माणसांना खुर्ची द्यावी, आरसा व फणी द्यावी, आणि त्यांना हवा तितका वेळ द्यावा. लहान कॅमेरा प्रवासात बरोबर राहील, पण तो खिशातून काढताना मी तोंडाने विचारीन.

निर्णय होऊनही मन स्वस्थ होईना, आणि ते का होत नाही याचा शोध मला वडिलांच्या दप्तरात लागला. कचेरीतली सवय त्यांनी घरीही पाळली होती. प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर शाईने तिथी, स्थळ आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे. आजचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर वेळ, वेग, भिंगाचे उघडणे असा सारा जाबता बिनचूक लिहून ठेवतो, फक्त समोर कोण होते ते लिहीत नाही. नाव गळणे ही या विद्येतील जुनीच वहिवाट असावी. होमाई व्यारावालांसारख्या, पुढे देशाच्या इतिहासाच्या साक्षी ठरलेल्या छायाचित्रकार स्त्रीचीही सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत. त्या दप्तरातच एक फारखत मिळाली. माईच्या सासरच्यांनी तिच्या अन्नवस्त्राच्या हक्काबद्दल एकरकमी पैसे देऊन तिच्याकडून ती लिहून घेतली होती, आणि तिची दुसरी प्रत आमच्याकडे राहिली होती. मायन्यात तिचे नाव होते, ‘कोम’ या शब्दाने कधीच न नांदविलेल्या नवऱ्याच्या नावाला जोडलेले. जन्मभर आम्ही कोणी त्या नावाने तिला हाक मारली नव्हती. खाली तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी होती. रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. तिचे म्हणून जगात उरलेले चित्र ते एवढेच, आणि तेही तिचा हक्क सोडवून घेताना काढलेले. ते नाव मी येथे छापीत नाही, कारण छापू का असे विचारण्यास ती नाही. पण मुंजीच्या समूहचित्राच्या पाठीवर, वडिलांच्या यादीच्या शेवटी, ते मी लिहिले आहे आणि पुढे ‘माजघरात’ असे नोंदले आहे.

कोणता कॅमेरा घ्यावा असे तरुण मंडळी मला अधूनमधून विचारतात. संवेदकाचे क्षेत्रफळ पाहा, भिंग किती उघडते ते पाहा, आणि तुमच्या खांद्याला व खिशाला झेपेल तो घ्या, असे मी त्यांना सांगतो. आता त्यात एवढी भर घालतो, की जो घ्याल त्याच्याबरोबर एक वही घ्या. ज्याचे चित्र घ्याल त्याला त्याचे नाव विचारा आणि ते त्याच्यासमोर लिहा. आणि घरात समूहचित्र निघत असेल तर ‘सगळी आली’ हे कोणा एकाच्या सांगण्यावरून मान्य न करता स्वतः आत जाऊन पाहून या.