‘द माल्टीज फाल्कन’चा शेवट

काही चित्रपट पडद्यावर संपतात आणि घरात सुरू होतात. जॉन ह्यूस्टन यांनी दिग्दर्शित केलेला ‘द माल्टीज फाल्कन’ हा १९४१ सालचा अमेरिकन रहस्यपट त्यांपैकी एक होय. गेल्या तीसएक वर्षांत तो मी निरनिराळ्या आप्तेष्टांसमवेत पाहिला. प्रथम भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आणि पुढे डीव्हीडीवर. बरोबरची माणसे बदलली, वय बदलले, परंतु चित्रपट संपल्यावर वाद झाला तो प्रत्येक वेळी एकाच प्रसंगावरून. नायकाने शेवटी जे केले ते योग्य होते काय?

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे, आणि त्यात रहस्यही उघड करावे लागणार आहे. सान फ्रान्सिस्को शहरात सॅम स्पेड आणि माइल्स आर्चर हे दोघे भागीदारीत खासगी गुप्तहेराचा व्यवसाय करीत असतात. एक देखणी तरुणी खोटे नाव सांगून त्यांच्याकडे येते आणि एका माणसावर पाळत ठेवण्याचे काम सोपविते. त्याच रात्री आर्चरचा खून होतो. पुढे कळते की ही ब्रिजिड, लठ्ठ व गोडबोल्या गटमन, अत्तराचा दरवळ घेऊन वावरणारा कैरो आणि गटमनच्या पदरी असलेला विल्मर नावाचा पोरगेलासा बंदूकधारी, ही सारी मंडळी ससाण्याच्या एका मूर्तीच्या मागे लागली आहेत. वरून काळा लेप दिलेली ही मूर्ती आतून सोन्याची व रत्नजडित आहे, असा त्यांचा विश्वास असतो. अनेक खटपटींनंतर ती हाती येते आणि शिशाची निघते. मग सारे निघून गेल्यावर स्पेड ब्रिजिडला एकटी गाठतो. आर्चरला तिनेच मारले हे तिच्याकडून वदवून घेतो आणि जिच्यावर त्याचे मन जडले आहे, त्या स्त्रीला पोलिसांच्या हवाली करतो.

मूर्तीची कथा कल्पित असली तरी तिच्या मुळाशी इतिहासाचा धागा आहे. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने संत योहानाच्या संघाच्या सरदारांना माल्टा बेट दिले. खंडणी म्हणून त्यांनी दरवर्षी सर्व संतांच्या सणाला सिसिलीच्या व्हाइसरॉयला एक ससाणा द्यावा, असे ठरले. तो ससाणा जिवंत पक्षी होता. त्याला सोन्याचा केले ते डॅशिएल हॅमेट या कादंबरीकाराने. हॅमेट यांनी स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. त्यामुळे त्यांच्या गुप्तहेराला कोणतेही तेजोवलय नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या माझ्या पिढीला असा नायक पचनी पडणे सोपे नव्हते.

आता मतांकडे वळतो. माझे थोरले मेहुणे पोलीस खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या मते या शेवटात प्रेम आणि कर्तव्य वगैरे काही नाही. “पोलिसांचा संशय त्याच्यावर होता. तिला दिले नसते तर हाच आत गेला असता. आपली कातडी वाचवली, एवढेच!” त्यांच्या म्हणण्याला चित्रपटात आधार आहे. स्पेड स्वतःच तिला तसे स्पष्ट सांगतो.

पुतणी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने हा चित्रपट आमच्याबरोबर पाहिला. ती उसळून म्हणाली, “काका, भागीदाराच्या बायकोशी याचे संबंध. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी दारावरचे त्याचे नाव काढायला हाच सांगतो. आणि शेवटी त्याच भागीदाराच्या नावाने न्याय करायला बसतो?” तिच्या मते ब्रिजिड दोषी खरीच, पण तिचा न्याय करण्याचा अधिकार स्पेडला नव्हता.

इंग्रजीचे अध्यापन केलेल्या एका स्नेह्यांनी वेगळाच मुद्दा काढला. हा शेवट कथेचा नसून सेन्सॉरचा आहे, असे ते म्हणाले. त्या काळी हॉलिवूडला जी नीतिसंहिता लागू होती, ती १९३० साली डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी आणि मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकांनी मिळून सिद्ध केली होती. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांच्या देखरेखीखाली ती काटेकोरपणे अमलात आली. गुन्हेगाराविषयी प्रेक्षकाला सहानुभूती वाटू नये, हा तिचा एक दंडक होता. याच कादंबरीवरील १९३१ च्या पहिल्या चित्रपटाला पुन्हा प्रदर्शित होण्याची परवानगी या संहितेमुळे नाकारण्यात आली होती. तेव्हा ब्रिजिडला तुरुंगात धाडल्यावाचून ह्यूस्टन यांना गत्यंतरच नव्हते, असा स्नेह्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. हॅमेट यांची कथा १९२९ पासून ‘ब्लॅक मास्क’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९३० च्या आरंभी ती पूर्ण झाली. नीतिसंहिता त्यानंतरची. कथेतही स्पेड तिला पोलिसांच्या हाती देतोच, आणि १९३१ च्या चित्रपटातही. संहितेने संवादातील व शृंगारातील बरेच काही झाकले असेल. शेवट मात्र तिने दिलेला नाही.

मग तो आला कोठून? स्पेड ब्रिजिडपुढे आपली कारणे एकामागून एक मांडतो. भागीदार मारला गेला तर माणसाने काहीतरी करायचे असते. मग तो भागीदार कसाही असो. गुन्हेगाराला मोकळे सोडणे या धंद्याला घातक. तिच्यावर विश्वास टाकता येत नाही. उद्या ती त्यालाही मारणार नाही कशावरून? अशी मोजदाद करून झाल्यावर दुसऱ्या पारड्यात तो एकच गोष्ट ठेवतो, ती म्हणजे कदाचित असलेले प्रेम. हंफ्री बोगार्ट यांनी हा प्रसंग ज्या ताणाने वठविला आहे, तो पाहता हे थंड डोक्याच्या माणसाचे बोलणे वाटत नाही. ज्याचा निश्चय पक्का असतो त्याला एक कारण पुरते. इतकी कारणे स्वतःच्या मनाला धरून ठेवण्यासाठीच लागतात. पुढे काही रात्री वाईट जातील, हेही तो लपवीत नाही.

मेहुण्यांना मी नेहमी एका नोटेची आठवण करून देतो. गटमनकडून मिळालेल्या रकमेपैकी हजार डॉलरची एक नोट स्पेडने ठेवून घेतलेली असते. पोलीस आल्यावर तीही तो मागितल्यावाचून त्यांच्या स्वाधीन करतो. पुतणीला मी गटमन दाखवितो. विल्मरला बळी देण्याची सूचना स्पेडचीच, हे खरे. पण ज्याला पुत्रवत मानतो असे म्हणतो, त्या पोराला सोडायला गटमन तयार होतो तो मूर्तीसाठी. स्पेड आपले माणूस गमावतो तेव्हा त्याच्या हाती शिशाच्या पक्ष्याखेरीज काही उरत नाही. तो सज्जन ठरत नाही. मात्र मलिन हातांनीही एखादी योग्य गोष्ट घडू शकते आणि तिची किंमत करणाऱ्यालाच मोजावी लागते, एवढे मला त्यात दिसते.

या चित्रपटाला तीन ऑस्कर नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकही नाही. महायुद्धानंतर १९४६ साली तो व त्यासारखे इतर अमेरिकन चित्रपट पॅरिसला पोहोचले, तेव्हा तेथील समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, हे नाव दिले. तो काळेपणा केवळ छायाचित्रणातील नव्हता.

माझ्या पत्नीचे मत सर्वांत थोडक्यात होते. “तो वागला बरोबर, पण त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नसता.” तिने कादंबरी वाचलेली नव्हती. कादंबरीच्या अखेरीस स्पेडची सचिव एफी नेमक्या याच मनःस्थितीत आहे. त्याचे बरोबर होते हे तिला कळते, तरी ती त्याला जवळ येऊ देत नाही. ह्यूस्टन यांच्या चित्रपटात हा प्रसंग नाही. तेथे लिफ्टच्या जाळीची सावली ब्रिजिडच्या चेहऱ्यावर पडते, लिफ्ट खाली जाते आणि स्पेड तो खोटा ससाणा हाती घेऊन जिन्याने उतरू लागतो. त्याला बरा किंवा वाईट म्हणणारे पडद्यावर कोणी उरत नाही. एफीची ती जागा रिकामी आहे, आणि आमच्या घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने तिथे बसून पाहत आला आहे. मेहुण्यांचे मत अजून बदललेले नाही, माझेही नाही.