यंत्राचें नांवगोत्र

आपल्याकडे कोणत्याहि धर्मकृत्याच्या आरंभीं नांव आणि गोत्र विचारण्याची चाल आहे. ज्याच्यासाठीं संकल्प सोडावयाचा तो नेमका कोण हें ठरल्यावांचून पुढील विधि कितीहि यथासांग झाला तरी तो लागू पडत नाहीं, अशी त्यामागील समजूत आहे. धर्मकृत्यांत हा नियम कितपत अवश्य आहे याविषयीं मतभेद असूं शकेल; परंतु यंत्रांच्या बाबतींत तो अक्षरशः खरा आहे, अशी आमची अलीकडे खात्री झाली आहे. यंत्राची शुश्रूषा करण्यापूर्वीं त्याचें नांवगोत्र समजलें पाहिजे. आणि आजचीं यंत्रें आपलें खरें नांव सहजासहजीं सांगत नाहींत.

ज्या यंत्रावरून हें विधान आम्ही करीत आहों तें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलेंहि नसेल. अमेरिकेंतील लहान गांवांतून व उपनगरांतून घराच्या चारी बाजूंस हिरवळ राखण्याचा परिपाठ आहे. हा परिपाठ केवळ हौसेचा नाहीं. गवत ठराविक उंचीपेक्षां अधिक वाढूं दिल्यास दंड करण्याचे नियम तेथील अनेक नगरपालिकांनीं केलेले आहेत. गवत कापण्याचें पहिलें यंत्र १८३० सालीं इंग्लंडांत स्ट्राउडच्या एडविन बडिंग यानें काढलें. लोंकरी कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून त्यास ती कल्पना सुचली होती. तें यंत्र माणसानें ढकलावयाचें होतें. आतां जेथें हिरवळ एकर-दोन एकर पसरलेली असते, तेथें यंत्रावर बसून तें लहानशा मोटारीप्रमाणें चालवितात. अशा यंत्रास आम्ही येथें सोईसाठीं 'गवतगाडी' म्हणूं.

आमचे धाकटे बंधु ओहायो राज्याच्या आग्नेय भागांत गेलीं तीस वर्षें राहत आहेत. तो सारा प्रदेश टेकड्यांचा असून त्यांचें घर एका उतरणीवर आहे. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांची बारा वर्षांची गवतगाडी आजारी होती. सकाळीं ती उत्साहानें निघे. अर्धा तास काम केल्यावर तिचा वेग मंदावे. आणि घरामागील चढापाशीं आल्यावर इंजिन पूर्ववत् गर्जत असतांहि चाकें जागच्या जागीं थबकत. गांवांतील दुरुस्तीच्या दुकानीं त्यांना असें सांगण्यांत आलें होतें, कीं मागील पेटी निकामी झाली आहे, ती उघडून दुरुस्त करण्याजोगी नाहीं, नवी पेटी घालण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीहून अधिक होईल, तेव्हां गाडीच मोडीत काढावी.

एरवीं ही गोष्ट एका यंत्रापुरती राहिली असती. परंतु बंधूंचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत, निवृत्तीनंतरचें उत्पन्न ठरलेलें आहे, आणि 'एवढें मोठें घर आतां विका आणि आमच्या जवळ एखाद्या लहान जागेंत येऊन रहा', असा दूरच्या राज्यांत राहणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांचा आग्रह चाललेला आहे. "दादा," ते आम्हांस म्हणाले, "गाडी चढ चढेना. आतां आमचीहि उतरण लागली असें समजायचें." ते हंसत हंसत म्हणाले खरे, पण ज्या घराच्या अंगणांत त्यांनीं स्वहस्तें लावलेलें सफरचंदाचें झाड आज छपराला टेंकलें आहे, तें घर एका गवत कापण्याच्या गाडीपायीं सोडावें लागणार कीं काय, हा प्रश्न त्या हंसण्याच्या मागें होता.

त्या पेटीस हायड्रोस्टॅटिक ट्रॅन्सॅक्सल असें भारदस्त नांव आहे. चाकांचा आंस आणि त्यास गति देणारी सर्व योजना एकाच पेटींत बंद केलेली, एवढाच ट्रॅन्सॅक्सल या शब्दाचा अर्थ. हायड्रोस्टॅटिक म्हणजे ही गति दांत्यांच्या चक्रांची अदलाबदल करून नव्हे, तर दाबाखालील तेलाच्या द्वारें पोंचविलेली. इंजिनाची शक्ति एका पट्ट्यानें पेटीच्या माथ्यावरील कप्पीस मिळते. त्या कप्पीबरोबर आंत एक पंप फिरतो. पंपांत वर्तुळाकार मांडलेले लहान लहान दट्टे असून ते एका तबकडीस टेंकून फिरत असतात. तबकडी सपाट असेल तर दट्टे नुसते फिरतात, वरखालीं होत नाहींत आणि गाडी उभी राहते. पायानें कळ दाबली कीं तबकडी तिरपी होते, दट्टे वरखालीं होऊं लागतात व तेल जोरानें समोरच्या दुसऱ्या यंत्रांत, म्हणजे मोटरींत, शिरून तिला फिरवितें. तबकडी उलट बाजूस कलली कीं तेल उलट वाहतें व गाडी मागें येते. काम झालेलें तेल पुन्हां पंपाकडे परततें.

ज्यांनीं घरांतील जातें पाहिलें आहे त्यांस हें समजण्यास अडचण पडूं नये. दोघी जणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. एकीनें लोटला कीं तो दुसरीच्या हातीं जातो. येथें पंप ही एक दळणारी, मोटर ही दुसरी आणि तेल हा खुंटा. खुंटा ढिला झाला तर दोघी कितीहि श्रमल्या तरी पीठ पडावयाचें नाहीं. या पेटींतील भागांमधील फटी केंसाहूनहि बारीक असतात. तेल तापून पातळ झालें, जुनें होऊन त्याचा कस गेला, किंवा धातु झिजून त्या फटी रुंदावल्या, कीं दाबाखालचें तेल पुढें जाण्याऐवजीं आंतल्या आंत निसटूं लागतें. गाडी थंड असतां चालते व तापल्यावर चढ नाकारते, याचें कारण बहुधा हेंच असतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं युद्धनौकांवरील अवजड तोफा फिरविण्यासाठीं ही तेलाची युक्ति उपयोगांत आणली गेली. १९६० नंतरच्या काळांत ती घरगुती गाड्यांत उतरली. जी विद्या एके काळीं तोफांच्या सेवेंत होती तिनें आतां गवत कापावें, हा तिचा अधःपात नव्हे, उत्कर्षच होय, असें आम्हांस वाटतें.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. जन्मभर यंत्रशाळेंत काम करून ते निवृत्त झालेले आहेत. त्यांनीं गाडीकडे पाहून पहिला प्रश्न केला तो असा: "हिच्या पेटीचें नांव काय?" बंधूंनीं गाडीच्या कपाळावर रंगविलेलें नांव सांगितलें. वृद्धानें मान हालविली. तें नांव गाडी विकणाराचें होतें, पेटीच्या कर्त्याचें नव्हे. आणि येथेंच आम्हांस नांवगोत्राचा प्रकार उमगला. गाड्या निरनिराळ्या रंगांच्या व निरनिराळ्या नांवांच्या असल्या, तरी त्यांच्या पोटांतील पेट्या करणारे कारखाने थोडकेच आहेत. टेनेसी राज्यांत मॉरिसटाउन येथें टफ टॉर्क व इलिनॉय राज्यांत सलिव्हन येथें हायड्रो-गिअर हे त्यांतील दोन मोठे. टफ टॉर्कची के-४६ नांवाची एकच पेटी कित्येक परस्परस्पर्धी कंपन्यांच्या गाड्यांत बसविलेली आढळते. उलटपक्षीं, एकाच नांवाच्या गाडींत निरनिराळ्या सालीं निरनिराळ्या पेट्या घातलेल्या असूं शकतात. त्यामुळें गाडीच्या नांवावरून तेल किंवा सुटा भाग मागविणें म्हणजे आडनांवावरून मुलीची पत्रिका पाहण्यासारखें आहे. तेलाचेंच पहा: हायड्रो-गिअरच्या बहुतेक पेट्यांस २०डब्ल्यू-५० जातीचें मोटारीचें तेल सांगितलेलें आहे, के-४६ साठीं पुष्कळ पुस्तकांत १०डब्ल्यू-३० जातीचें आहे.

पेटीचें खरें नांव तिच्याच अंगावर एका चिठ्ठीवर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर असतें. पण तो तुकडा जेथें दृष्टि जात नाहीं तेथें असतो, आणि त्यावर गवताचा चुरा व तेलकट माती यांचीं पुटें बसलेलीं असतात. एक विजेरी, दाढीचा आरसा व जुना दांत घांसण्याचा ब्रश एवढ्या सामुग्रीनिशीं दोघे बंधु जमिनीवर उताणे पडून तो तुकडा शोधीत होतों. अखेर आरशांत उलटीं अक्षरें दिसलीं. बंधूंनीं खिशांतील फोनानें त्यांचें छायाचित्र घेतलें. ती पेटी कोणत्या कारखान्याची निघाली हें सांगण्याचें येथें कारण नाहीं. परंतु त्या ओळीनें पुढील सर्व मार्ग मोकळा झाला. तीवरून कारखान्याचें पुस्तक मिळालें, आणि जी पेटी दुकानांत 'अनामिक व असाध्य' ठरली होती तिला तेल कोणतें लागतें व किती, हें छापील स्वरूपांत आमच्यापुढें आलें.

तथापि पेटीस हात घालण्यापूर्वीं वृद्धानें आम्हांकडून स्वस्त कारणांची झडती घेवविली. पट्टा झिजून गुळगुळीत झाला आहे काय? पट्टा ताणणारी स्प्रिंग ढिली आहे काय? चाक व आंस यांमधील लहानशी चावी तुटली तर आंस फिरतो व चाक फिरत नाहीं. ती शाबूत आहे ना? गाडी हातानें ढकलतां यावी म्हणून मागें एक दांडी असते. ती ओढलेली राहिल्यास तेल आडवाटेनें जातें व गाडी हलत नाहीं. ती जागेवर आहे ना? पेटीवरील पंख्याचीं पातीं मोडलेलीं नाहींत ना? आमच्या गाडीच्या पेटीवर वाळलेल्या गवताची जाडजूड गादी बसली होती. उन्हाळ्यांत रजई पांघरून श्रम करणाऱ्या मनुष्यासारखी तिची स्थिति झाली होती. ती गादी काढल्यावर कांहीं सुधारणा झाली, परंतु चढ चढेना. मग तेल बदलण्याचें ठरलें.

येथें दुसरी अडचण उभी राहिली. पेटीस तेल सोडून देण्याचें छिद्रच नव्हतें. अशा पेट्यांविषयीं 'सदाची बंद, देखभालीची गरज नाहीं' असें सांगण्याची पद्धत आहे. त्यांतील तेल जन्मभर पुरतें, असें म्हणतात. कोणाच्या जन्मभर, हा प्रश्न विचारावयाचा असतो. पेटीच्या जन्मभर म्हणावें तर तें विधान निरपवाद खरें आहे; कारण तेल संपेल त्या दिवशीं पेटीचा जन्महि संपतो. कारखानदाराची बाजूहि आहे: सामान्य गिऱ्हाइकानें पेटी उघडून आंत धुळीचा कण सोडला तर तो तेलाहून अधिक घात करील. ही भीति खोटी नाहीं. पण तिचा परिणाम असा होतो कीं मालकाच्या हातून वस्तु नकळत निसटते. ती त्याच्या दारांत उभी असते, तिचे पैसे त्यानें दिलेले असतात. मात्र तिचें अंतरंग त्याला वर्ज्य. कोलोरॅडो राज्यांत १ जानेवारी २०२४ पासून शेतकी यंत्रांच्या मालकांस दुरुस्तीचीं पुस्तकें, साधनें व सुटे भाग मिळण्याचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच हें निसटणें किती दूरवर गेलें होतें तें दिसतें.

पेटी सोडवून उलटी करावयाची, एवढाच उपाय होता. प्रथम ठिणगीच्या प्लगची तार काढली. गाडी जॅकनें उचलून भक्कम घोड्यांवर ठेविली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरणें म्हणजे आत्मघात होय, असें वृद्धानें तीनदां बजावलें. चाकें, पट्टा, वेगाची दांडी, ब्रेकची दांडी आणि शेवटीं बोल्ट. प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र घेतलें. पेटी बाहेरून स्वच्छ धुऊन मगच तिचें वरचें बूच काढलें व ती रात्रभर पालथी ठेविली. सकाळीं परातींत काळसर तेल सांचलें होतें आणि त्यावर रुपेरी झांक होती. ती झांक म्हणजे झिजलेल्या धातूचा कण होता. वृद्ध ती पाहून थोडा वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "नवी होणार नाहीं. पण चालेल."

पुस्तकांत सांगितलेलें तेल भरून पेटी पुन्हां बसविली. परंतु तेल भरलें म्हणजे काम झालें असें नाहीं. आंत अडकलेली हवा काढावी लागते, कारण तेल दाबलें जात नाहीं आणि हवा दाबली जाते. मागील चाकें अधांतरीं ठेवून, ढकलण्याची दांडी ओढून, इंजिन मंद चालूं ठेवावें व कळ पुढें-मागें पांच-सहा वेळां सावकाश दाबावी. मग दांडी जागेवर लोटून तेंच पुन्हां करावें. तेल कमी झाल्यास भरावें. प्रथम पेटी कुरकुरली, चाकें अडखळलीं आणि हळूहळू दोन्ही संथ फिरूं लागलीं. जुनें तेल मातींत न ओततां डब्यांत भरून तें परत घेणाऱ्या दुकानीं पोंचतें केलें. सर्व मिळून दोन दिवस गेले आणि नव्या पेटीच्या मानानें क्षुल्लक खर्च झाला.

त्या शनिवारीं बंधूंनीं पाऊण तास गवत कापलें व नंतर गाडी चढाकडे वळविली. ती सावकाश, परंतु न थांबतां वर गेली. तेलानें झिजलेला धातु भरून येत नाहीं. तेव्हां हा उपाय कायमचा आहे असा आमचा दावा नाहीं. वार्धक्यांत औषधानें जितकें साधतें तितकें साधलें. घर विकावें कीं न विकावें हा प्रश्नहि त्यानें सुटलेला नाहीं. परंतु तो प्रश्न आतां बंधु आपल्या इच्छेनें व सवडीनें सोडवतील. एका न उघडणाऱ्या पेटीनें तो त्यांच्यावर लादलेला राहिला नाहीं. दोहोंत अंतर फार आहे.

खंडेनवमीस हत्यारें पुसून, त्यांस तेल लावून पुजण्याची आपल्याकडील चाल ज्यांनीं पाडली त्यांस हें अंतर ठाऊक असावें. वर्षांतून एकदां वस्तु हातीं घेऊन, निरखून, स्वच्छ केली म्हणजे तिची आपल्याशीं ओळख टिकते. आणि जिची ओळख आहे ती मोडीत काढण्यापूर्वीं मनुष्य दोनदां विचार करतो. बंधूंनीं गाडीच्या आसनाखालच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानें पेटीचा संपूर्ण क्रमांक, तेलाची जात व तें घातल्याची तारीख लिहून ठेविली आहे, आणि पुढील तारखेसाठीं खालीं जागा मोकळी सोडली आहे.