उतार घराकडे

पप्पांनी पारदर्शक नळीचं एक टोक स्वतःकडे ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. नळीत पाणी भरलेलं होतं. "भिंतीपाशी जाऊन उभी राहा. पाणी स्थिर झालं की सांग." गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तीच ही नळी. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं, मग तिथून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. फाटकापाशी आलं ३ फूट. माझ्याकडे, घराच्या भिंतीला लागून, ३ फूट ४ इंच.

मला दोन सेकंद लागली. माझ्याकडची जमीन चार इंच खाली होती. म्हणजे अंगणात पडणारं सगळं पाणी वीस फूट चालत येऊन आमच्या भिंतीपाशी थांबत होतं.

"घराभोवतीच्या पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे," पप्पा म्हणाले. "इथं उलटं झालंय." एवढंच. कोणी केलं, कोणामुळे झालं, काही नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. बिघाड सापडला की तो आधी पाना शोधतो.

हे घर त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशांतून झालं. नगरच्या बाहेर एका नव्या लेआउटमध्ये. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या घरात अजून नगरच. प्लॉटवर पूर्वी रब्बीची ज्वारी व्हायची. काळी, खोल माती. घराचं डिझाइन पप्पांनी ठरवलं, किचन आईने. मी पुण्यात नोकरी करते, मला काहीतरी करायचं होतं. म्हणून म्हणाले, "अंगण माझ्याकडे."

गार्डनवाला मला इन्स्टाग्रामवर सापडला. रीलमध्ये हिरवंगार लॉन, पांढरे गोटे, मधून जाणारी दगडी वाट, संध्याकाळचे दिवे. कोटेशन एक लाख पंच्याऐंशी हजार. ऐंशी हजार माझे, बाकीचे पप्पांचे. पप्पांनी फक्त विचारलं होतं, "एवढ्या लॉनला पाणी कुठून आणायचं?" मी हसण्यावारी नेलं. नंतर हिशेब केला. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी सहाशे चौरस फुटांना रोज २८० लिटर लागतं. आणि आपण राहतो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जिथे मेमध्ये टँकरची वेळ पाळून लोक आंघोळ करतात.

वास्तुशांत मेमध्ये झाली. अंगण फोटोत झकास आलं. स्टोरीला खूप हार्ट आले.

जूनमध्ये लॉनवर पिवळे चट्टे पडले. जुलैत तीन पाम वाळले. सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर हॉलच्या भिंतीला खालून ओल चढली, देवघरामागचा रंग फुगला आणि पुढच्या ओट्याच्या फरशीला एक भेग गेली. आई त्या भेगेवरून रोज ओलं फडकं फिरवायची, जणू ती पुसली जाईल.

लेव्हल काढली त्याच दिवशी पप्पांनी टिकाव घेतला. लॉनची सतरंजीसारखी गुंडाळी उलटली. खाली तीन इंच लाल माती. तिच्याखाली विटांचे तुकडे, फरशीचे काप, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, गुटख्याच्या पुड्या. आमच्याच घराच्या बांधकामाचा राडारोडा! उचलून न्यायच्या ऐवजी पसरून त्यावर हिरवी चादर टाकली होती. पामच्या मुळांना उतरायला जागाच नव्हती.

त्याहून वाईट गोष्ट कोपऱ्यात निघाली. स्लॅबचं पाणी खाली आणणाऱ्या दोन पाइपांची तोंडं लॉनच्या पोटात संपत होती. पुढे काहीच नाही. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी जमतं. ते सगळं पायाशेजारच्या काळ्या मातीत मुरत होतं. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी पिऊन ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. ज्वारी या मातीत धरून ठेवलेल्या ओलीवर पोसते. घराला मात्र ही फूगओढ सोसत नाही.

मी चिडले होते. गार्डनवाल्याला फोन केले, उचलले नाहीत. मेसेजला निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग मी ग्राहक आयोगाची माहिती काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार असं काम 'सेवेतील त्रुटी'त बसू शकतं. तक्रार ऑनलाइन करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे. मला हे सगळं करायचंच होतं. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी होत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन होतं. पुरावा म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट काढायला बसले.

एप्रिलचा एक मेसेज त्याचा होता: "ताई, स्लॅबच्या पाइपाचं पाणी कुठं काढायचं? चर खोदावा लागेल, चार दिवस जातील."

खाली माझं उत्तर: "ते नंतर बघू. पाइप दिसायला नकोत फक्त. १५ तारखेच्या आत सगळं हिरवं पाहिजे." आणि एक अंगठा.

बराच वेळ मी ते वाचत बसले. राडारोडा त्याने पुरला होता, ते मी सांगितलं नव्हतं. उतार त्याने उलटा केला होता. पण पाइपांची तोंडं माझ्या सांगण्यावरून बुजली होती. तो स्क्रीनशॉट वगळला असता तर कोणाला कळलं नसतं. रात्री जेवण झाल्यावर मी मोबाइल पप्पांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, परत दिला आणि म्हणाले, "मग त्याला भांडायला नको, बोलवायला पाहिजे."

मी मेसेज केला: "माझी चूक मला दिसली. तुमची तुम्ही येऊन बघा. नाही आलात तर आयोगात तक्रार करणार, हा चॅट सगळाच्या सगळा जोडून." तिसऱ्या दिवशी तो आला. माझ्याच वयाचा. खड्ड्यात बघितलं आणि मान खाली घातली. लेव्हलिंगचं काम त्याने दुसऱ्याला उक्तं दिलं होतं, राडारोडा उचलायचे ट्रॅक्टरचे पैसे वाचवले होते. वाद झाला, आवाजही चढले. शेवटी ठरलं की राडारोडा तो स्वखर्चाने नेणार, चाळीस हजार परत देणार, चर आणि शोषखड्ड्याचा खर्च आमचा. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. चाळीसपैकी तीस आले. दहासाठी मी अजून महिन्याला एक मेसेज टाकते.

त्या दिवसांत मी एकदा फराहबागेत जाऊन आले. शाळेच्या सहलीत बघितली होती, तेव्हा फक्त पडका महाल दिसला होता. आता त्याच्याभोवतीचा तलाव दिसला, कोरडा. निजामशाहीत या शहरात कापूरवाडी, वडगाव अशा गावांकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी खेळवलं होतं. या महालाची तर गंमत अशी सांगतात की पहिलं बांधकाम निजामशहाला पसंत पडलं नाही, ते पाडून पुन्हा बांधायला लावलं. १५८३ मध्ये काम पुरं झालं. म्हणजे नगरात अंगण चुकण्याची परंपरा जुनी आहे. फरक एवढाच की आधी पाण्याची वाट, मग बाग, हा क्रम त्यांना माहीत होता. इथून फार लांब नसलेल्या हिवरे बाजारने तोच क्रम १९९० नंतर पुन्हा गिरवला. आधी चर आणि बंधारे, मग किती पाणी मुरलं याचा हिशेब, आणि त्या हिशेबावर पिकं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. मी आधी रंग निवडला होता.

आता अंगणात लॉन नाही. उतार फाटकाकडे आहे, पाइपांचं पाणी चरातून भिंतीपासून लांब कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात जातं. कंपाउंडच्या कडेने लावलेला कोनोकार्पस काढला. झटपट हिरवा होतो म्हणून सगळे लावतात, पण २०२३ मध्ये गुजरातच्या वनविभागाने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्या जागी कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, अडुळसा. अर्धी जागा मोकळीच आहे. आई तिथे वाळवणं घालते. फोटोत काही खास दिसत नाही.

घर बांधत असाल तर एवढंच सांगेन: बागेचं कोटेशन आलं की झाडांची नावं शेवटी वाचा. आधी विचारा, पाणी कुठे जाणार, खाली किती फूट माती टाकणार, राडारोडा कोण उचलणार. उत्तर लेखी घ्या. आणि मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन एकदा घराभोवती चक्कर मारा.

ओट्याची भेग अजून आहे. मी म्हणाले, बुजवून टाकू. पप्पा नको म्हणाले. माती एक पावसाळा फुगू दे, एक उन्हाळा आक्रसू दे, मग कळेल थांबली का. भेगेच्या टोकाला त्यांनी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहिली आहे. घरी गेले की बॅग ठेवायच्या आधी मी वाकून ती बघते. आतापर्यंत भेग रेघेच्या अलीकडेच आहे.