परक्यांनी केलेली पुण्यतिथी

गवयाची पुण्यतिथी गाऊनच साजरी करावी, हा आपल्याकडचा रिवाज मला फार आवडतो. इतरांच्या श्राद्धाला पिंड लागतात, दर्भ लागतात. गवयाला जुळलेले दोन तंबोरे पुरतात. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूच्या नावाने जो उत्सव मांडला, त्याला पुढे केवढे रूप आले हे काय सांगायला हवे? गुरू जातो, पण त्याची गायकी शिष्याच्या गळ्यात राहते. त्या गळ्यापर्यंत मृत्यूचा हात पोचत नाही, असा आपला एक समाधानाचा समज आहे.

पण गुरू आणि शिष्य एकाच गाडीत कोंबले गेले तर? गाणारा गेला, साथीदार गेला, ऐकणाराही गेला, तर पुण्यतिथी करायची कोणी?

चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन या तटबंदीच्या गावात नाझींनी ज्यू लोकांना डांबले होते. तिथे त्या अर्धपोटी माणसांनी गाणे चालवले! राफाएल शेख्टरने एकाच प्रतीवरून शे-दीडशे बंदिवानांकडून व्हेर्दीचे ‘रेक्विएम’ तोंडपाठ करून घेतले. हान्स क्रासाच्या ‘ब्रुंडिबार’ या मुलांच्या संगीत नाटकाचे पन्नासाहून अधिक प्रयोग झाले. कामे करणारी मुले मधेच पूर्वेकडच्या छावण्यांत धाडली जात आणि त्यांच्या जागी दुसरी उभी राहत. मी शाळामास्तर. संमेलनाच्या आदल्या दिवशी एका पोराला गोवर निघाला तरी आमची तिरपीट उडते. त्यामुळे या तपशिलापाशी माझे मन फार वेळ अडून राहते.

व्हिक्टर उलमानने तिथेच ‘अटलांटिसचा सम्राट’ हा ऑपेरा रचला. सम्राट सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध पुकारतो, तेव्हा खुद्द मृत्यूच चिडून काम थांबवतो. माणसे घायाळ होतात, पण मरत नाहीत. अखेर मृत्यू परततो तो एका अटीवर: पहिला नंबर सम्राटाचा! यम यज्ञाला बसल्यामुळे माणसे मरेनाशी झाल्याची कथा महाभारतात आहे. पण तो यज्ञ होता, हा सरळसरळ संप. १९४४ साली तालमी झाल्या, प्रयोग मात्र झालाच नाही. १६ ऑक्टोबरला उलमान, क्रासा, पावेल हास आणि तरुण गिडेऑन क्लाईन यांना आउश्विट्झच्या गाडीत चढवण्यात आले. चौघांपैकी एकालाही युद्धाचा शेवट दिसला नाही.

मागे राहिले ते कागद. उलमानचा ऑपेरा १९७५ साली ॲम्स्टरडॅमला प्रथम रंगभूमीवर आला. शेख्टरच्या त्या ‘रेक्विएम’ची हकीकत सांगत तेच संगीत सादर करण्याचा उपक्रम मरे सिडलिन या अमेरिकन संगीतकाराने २००२ साली सुरू केला आणि पुढे तो खुद्द तेरेझिनलाही नेला. शिष्य उरले नव्हते, म्हणून परके शिष्य झाले.

जे निसटले, त्यांच्यापैकी एक आपल्या दारी आला होता. वॉल्टर कौफमन, जन्म १९०७, गाव कार्ल्सबाद. १९३४ साली तो मुंबईत उतरला आणि १९४६ पर्यंत राहिला. त्याने इथे पाश्चात्त्य संगीताची मंडळी जमवली, रेडिओवर नोकरी केली, आपले राग अभ्यासले. रेडिओ सुरू होताना वाजणारी ती शिवरंजनीची धून त्याचीच म्हणून सांगतात. आपल्या कित्येक पिढ्या त्या सुरांवर जाग्या झाल्या, चहा प्याल्या, शाळेला गेल्या. नाव मात्र कोणी विचारले नाही. टोरांटोच्या एआरसी या वादकमंडळाने त्याच्या रचना वाजवून २०२० साली त्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले.

अशा मैफलींना नुसते डोळे पुसायला जाऊ नये, असे मला वाटते. ‘बिचारा!’ म्हणून दाद दिली की आपण त्या कलावंताला पुन्हा कैदीच ठरवतो. त्याची रचना आवडली तर मान डोलवावी, कंटाळवाणी वाटली तर तसे म्हणावे. चारचौघा संगीतकारांसारखे ऐकले जाणे, हाच तर त्यांचा हिरावला गेलेला हक्क होता.

दिवाळीच्या पहाटे गाणे ऐकायची आपली हौस मोठी आहे. फराळानंतर घरातल्या मुलांना रेडिओची ती जुनी धून मिळवून ऐकवा, आणि ती कोणाची म्हणतात तेही सांगा. नाव थोडे अवघड आहे. पण मुलांच्या जिभेला ते लवकर जमेल.